कहाणी संपेपर्यंत मूठ

श्रावणात मी घरी रोज त्या त्या वाराची कहाणी वाचते. हातात अक्षता धरायच्या, कहाणी संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, मग त्या देवाला वाहायच्या. हेच मी जोहे गावातल्या आमच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात आणलं. दिशासाठी.

दिशाला एडीएचडी आहे, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. पाय थांबतच नाहीत. जाता जाता कुणाची वही पाडेल, कुणाची वेणी ओढेल. पालकांच्या तक्रारी वाढल्या. आज मुख्याध्यापक जितेश सर वर्गात बसणार आणि तिला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा का, ते ठरवणार होते. मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा तिचा बाप, नितेश, काम टाकून व्हरांड्यात उभा होता. त्यानेच दिलेला शाडूचा मूषक माझ्या टेबलावर होता.

मी मुलांच्या मुठीत तांदूळ दिले. सोमवारचा उपास होता.

"एका कारखान्यात एक मूषक होता. सगळे गणपती पाटावर गप्प. याच्या पायांना मात्र नुसती वळवळ..."

दिशा उठलीच.

"ए, खाली बस!" सर म्हणाले.

ती भिंतीकडेने चालू लागली.

"ऐकू येत नाय का गो? बघा बाई, उत्तरसुद्धा देत नाही!"

"कहाणीत बोलायचं नसतं, सर." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "हात पुढे करा."

"मी?"

मी त्यांच्या हातावर तांदूळ ठेवले. मुलं तोंड दाबून हसली.

"मूषकाला पळावंसं वाटलं. त्यानं मूठ आवळली. कुणाला धक्का न लावता तो खिडकीपर्यंत गेला..."

खिडकीशी मृणालीची वेणी लोंबत होती. दिशा थांबली. तिचा मोकळा हात वेणीकडे निघाला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांचीही मूठ खिशापर्यंत गेली, अडली. फोन वाजत राहिला.

दिशाने मोकळा हात मुठीवर दाबून धरला.

"...आणि आपल्या पाटावर परत आला."

ती येऊन बसली. वेणी जागेवर होती.

"मूषक पोचला, कहाणी पुरी झाली," मी म्हटलं.

सर उठून व्हरांड्यात गेले. नितेशने हात जोडले.

"दाखला नको," सर म्हणाले. "जा कामाला. गणपती जवळ आलेत."

"सर!" आतून दिशा ओरडली. "तांदूळ घेऊन कुठं निघालात? मूषकाला वाहायचे हायत!"