रक्ताच्या डॉक्टरांकडे

"एखादं स्टूल मिळेल का? जरा उंच," मिस्त्रींनी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, आणि त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले. हा सूर तिच्या ओळखीचा होता. कुणाकडेही गेलं की आधी भिंतीवरच्या एसीची तब्येत, मग घरातल्या माणसांची.

"अहो, आपण दाखवायला आलोय," ती हळूच म्हणाली.

"दाखवूच की. तोवर काय माशा मारायच्या?"

खोली माणसांनी गच्च भरली होती. रक्ताचे डॉक्टर त्या सगळ्या मुलखात एकच, त्यामुळे लोक कुठून कुठून आलेले. प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, आणि जो तो त्याच फायलीने वारा घेत होता. एसी नुसता घरघरत होता आणि कोमट फुंकर सोडत होता. काउंटरवरच्या बाई सकाळपासून लोकांची कुरकुर ऐकून कावल्या होत्या.

"दुरुस्तीवाल्याला फोन केलाय. येतो म्हणालाय."

"येतो म्हणणारा येत नसतो, मॅडम. मी त्याच धंद्यातला आहे, मला विचारा."

खोली हसली. मिस्त्रींना खोली हसलेली आवडायची. त्यांनी पिशवीतून पेचकस आणि टेस्टर काढला. बायकोचे रिपोर्ट तळाशी आणि हत्यारं वरती, अशी ती पिशवी भरलेली होती.

गेलं वर्षभर बायको वाळत चालली होती. जिना चढताना मध्येच बसायची. डोळे पिवळट. एका डॉक्टरने लोहाचं टॉनिक दिलं, दुसऱ्याने कावीळ म्हणून तेल-तूप बंद केलं, नणंदेने कामाचा कंटाळा म्हणून निदान केलं. "सकाळी गार पाण्यात हात घातला की बोटं निळी पडतात हो," असं तिने सगळ्यांना सांगून पाहिलं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन लिहून दिलं. मिस्त्री हसले. "एसीवाल्याची बायको आणि थंडीला घाबरते! बाहेर बोलू नकोस, माझा धंदा बसेल." पुढे हा विनोद त्यांनी गिऱ्हाइकांच्या घरोघरी सांगितला. ती समोर असली तर तीही हसायची.

मग तपासणीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "यांचं रक्त नळीतच गुठळतं. मशीनला मोजताच येत नाही." तेव्हापासून मात्र मिस्त्री तो रिपोर्ट हत्यारांच्या पिशवीत घेऊन फिरू लागले. या डॉक्टरांचा शोध लागला तोही धंद्यामुळेच. एका मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यावर सर्व्हिसिंग करताना शिडीवरूनच त्यांनी विचारलं, "साहेब, एक रिपोर्ट बघता का?" डॉक्टरांनी खाली उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. रक्ताच्या डॉक्टरांना गाठा, आणि उशीर करू नका." त्यांनीच फोन लावून तारीख घेऊन दिली. शिडीवरून उतरताना मिस्त्रींनी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

आदला दिवसभर साध्या बसने प्रवास झाला होता. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता, माणसं हैराण होती, आणि ही मात्र कधी नव्हे ती दोन शब्द जास्त बोलत होती. बोटंही गुलाबी दिसत होती.

"बघ, नुसतं डॉक्टरचं नाव काढलं तर आजार पळाला," मिस्त्री म्हणाले होते.

आता ते स्टुलावर चढून एसीचं पोट उघडून बसले होते. जाळीवर धुळीचा जाड थर. ती त्यांनी बेसिनमध्ये धुतली, एक सैल वायर घट्ट केली, पंखा पुसला, झाकण चढवलं. रिमोटचं बटण दाबलं आणि हात वर धरला, जसा आशीर्वाद देताना धरावा. गार वारा खोलीभर पसरला. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "देव तुमचं भलं करो, मिस्त्री."

काउंटरवरच्या बाई तर पाघळल्याच. "तुमचा नंबर खूप मागे आहे, पण आतला पेशंट झाला की लगेच तुम्हीच. आणि काकू, तुम्ही इथे बसा, समोर. मस्त वारा येतो."

मिस्त्रींना धन्य वाटलं. मोठा डॉक्टर, मागचा नंबर पुढे, बायकोला मानाची खुर्ची, आणि हे सगळं स्वतःच्या हातच्या कामाने. तिचं आयुष्य वाचणार होतं आणि त्यात आपलाही हात असणार होता.

"मी जरा बाहेर पायरीवर बसू का? ऊन आहे तिथे," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? आता हाक मारतील. आणि मी सुरू केलेला एसी सोडून तू उन्हात बसणार? लोक काय म्हणतील मला?"

ती खुर्चीवर बसली. हात काखेत घातले, पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आतला पेशंट काही लवकर बाहेर येईना. मिस्त्री खोलीत फिरून आपला फोन नंबर वाटत होते. कुणाचा एसी पाणी गाळत होता, कुणाचा रात्री आवाज करत होता. एकीने "अजून गार होतो का हो?" विचारलं. "होतो म्हणजे? बर्फ पाडून दाखवू का?" म्हणत त्यांनी रिमोट आणखी दाबला. मध्येच त्यांचं बायकोकडे लक्ष गेलं. तिने मान हलवली, म्हणजे चाललंय, तुमचं चालू द्या.

"अहो भाऊ," शेजारच्या बाईने हाक मारली, "यांची बोटं बघा हो."

बोटं जांभळी झाली होती. कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडासुद्धा. "काही नाही," असं म्हणत ती उठायला गेली आणि सरळ पुढे कोसळली.

रक्ताचे डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी तिच्या हाताला हात लावला, मग मान वर करून एसीकडे पाहिलं.

"हा बंद होता ना?"

"चालू झाला सर!" काउंटरवरच्या बाई आनंदाने म्हणाल्या. "यांनीच दुरुस्त केला."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला वर गरम खोलीत हलवायला सांगितलं आणि मग मिस्त्रींना बाजूला घेऊन शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, की काही थोड्या माणसांच्या रक्ताला थंडी सोसत नाही. गारठलं की लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटत जातात. आधीच रक्त कमी, त्यात आज हे.

"थंडीने त्रास होतो असं त्या कधी बोलल्या नाहीत?"

मिस्त्री पिशवीच्या तळाशी रिपोर्ट शोधू लागले.

जिन्याकडे जाताना त्यांना खोलीतूनच जावं लागलं. कोपऱ्यातल्या आजोबांनी थांबवलं. "वहिनींना बरं वाटेल हो, काळजी करू नका. आणि तेवढा रिमोट कुठे ठेवलात? छान झालंय, पण आता थोडं जास्तच होतंय."

वरच्या खोलीत तिला गरम चादरींत गुंडाळलं होतं. जुळणारं रक्त मोठ्या मुश्किलीने मिळालं होतं, आणि ते एका छोट्या यंत्रातून कोमट होऊन थेंब थेंब आत जात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मोठा भाऊ आला. आल्या आल्या त्याने मिस्त्रींना विचारलं, "चालती-बोलती आणलीत ना? मग झालं काय एवढं?"

उत्तर दिलं ते तिने.

"प्रवास झेपला नाही, दादा."

भाऊ औषधं आणायला गेला. मिस्त्री पलंगाजवळ सरकले. "का नाही सांगितलंस त्याला?"

"त्याने तुम्हाला हाणलं असतं. मग माझ्याजवळ बसायला कोण?" ती हसली. हसण्याने धाप लागली.

"काल खाली तरी सांगायचंस मला."

"वर्षभर मी दुसरं काय करत होते?"

तिचा आवाज चढला नव्हता. मिस्त्री पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांनी चादरीखाली हात घालून तिचा हात धरला. तिने तो चटकन काढून घेतला.

"तुमचे हात गार आहेत हो."

मिस्त्री उठले. खाली फाटकाजवळ चहाची टपरी होती. त्यांनी उकळता चहा मागितला, पण प्याला नाही. दोन्ही हातांत ग्लास धरून उभे राहिले. तळवे भाजले, तरी सोडला नाही. टपरीवाला म्हणाला, "काका, पिताय की नुसता धरताय?" चहा निवला तसा त्यांनी दुसरा मागितला. तळवे लालबुंद झाले तेव्हा ग्लास ठेवला, मुठी आवळून काखेत दाबल्या आणि भराभर जिना चढले.

तिच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. रक्ताच्या यंत्राचा आवाज थांबला होता. तिचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. नर्स गरम चादरींची घडी घालत पडद्याबाहेर आली. मिस्त्रींना पाहून ती क्षणभर थांबली.

"जरा बाहेर बसा, काका. डॉक्टर आत आहेत. बोलतील तुमच्याशी."

मिस्त्री बाकावर बसले. मुठी त्यांनी उघडल्या नाहीत.