ड्वेनच्या चार रायफली

एलरॉय हासच्या दुकानाला पाटी होती, पण गावात ती कुणी वाचत नसे. शिकारीचं सामान म्हटलं की एलरॉयकडे जायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात, त्याच्या बापाने ते सुरू केलं होतं. आता एलरॉयच एकाहत्तरचा झाला होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी व्हर्ना सोबोटा बुटांवरचं बर्फ झटकून आत आली, तेव्हा त्याला स्टुलावरून उठायचाही धीर झाला नाही.

व्हर्ना ही ड्वेनची बायको, आणि ड्वेन हा एलरॉयचा पहिलीपासूनचा दोस्त. ड्वेनला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तो कामाला होता ती कागदाची गिरणी बंद पडली, पाठ कामातून गेली, आणि मग माणूस आतल्या आत विझत गेला. शेवटी त्याने स्वतःच स्वतःला संपवलं, घरातल्याच रायफलीने. तेव्हापासून एलरॉय व्हर्नाला चर्चमध्ये लांबूनच हात करायचा.

तिने काउंटरवर कागद ठेवले.

"वाच. चष्मा लाव आधी."

विधेयकाचा मसुदा होता. कुणाला आपल्या घरात बंदूक नकोशी झाली, तर त्याने ती काही दिवस दुकानदाराकडे ठेवावी, आणि परत दिल्यावर पुढे जे होईल त्याचा खटला दुकानदारावर येऊ नये. खाली दोन आमदारांच्या सह्या होत्या. एक शहरातली डेमोक्रॅट बाई, दुसरा गाईंचा गोठा असलेला रिपब्लिकन.

"दोघांनी मिळून आणलंय," व्हर्ना म्हणाली. "एकट्याने आणलं असतं तर दुसऱ्याच्या लोकांनी वाचलंही नसतं. मार्चमध्ये समितीपुढे बोलायचंय. तू चल."

"मी? तुमच्या लोकांबरोबर?"

"माझं कोण ऐकणार रे तिथे? मी मास्तरीण, त्यात विधवा, त्यात डेमोक्रॅट. पाणी देतील प्यायला आणि घरी पाठवतील. तू बंदुका विकतोस. जन्मभर रिपब्लिकनांनाच मत देत आलास. तुझं ऐकावं लागेल."

एलरॉयने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

"व्हर्ना, तुला एक सांगायचं राहिलंय. ड्वेन इथे आला होता. जायच्या अकरा दिवस आधी. चारही रायफली घोंगडीत गुंडाळून. म्हणाला, 'ठेव थोडे दिवस. घरात नकोत मला.'"

व्हर्नाने कागदांवरचा हात मागे घेतला.

"मी थट्टा केली. म्हटलं, 'काय, व्हर्नाने घराबाहेर काढलं की काय?' हसला तो. मग मी म्हटलं, नाही ठेवता येत बाबा. विम्याचा माणूस ओरडतो, वकील नको म्हणतो, परत देताना पुन्हा नवी विकल्यासारखी सगळी सरकारी चौकशी. तो म्हणाला, 'बरं, राहू दे.' गाडीत टाकल्या आणि गेला. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही."

व्हर्नाने हातमोजे चढवले, एक एक बोट नीट बसवत. मग निघून गेली. कागद तिथेच राहिले.

तीन आठवड्यांनी फोन आला. "मंगळवारी सकाळी सहाला. गाडी तू चालव. आणि तो तुझा रेडिओ लावायचा नाही."

राजधानी चार तास दक्षिणेला. पहिला तास एलरॉयने फक्त रस्ता बघितला. पुढे रस्त्याकडेला जुनी शाळा लागली. आता तिथे कुणीतरी बोटी ठेवत होतं. एलरॉयला राहवलं नाही.

"आठवतं? नोव्हेंबरात आम्ही रायफली घेऊनच शाळेत यायचो. व्यायामाच्या सरांच्या कपाटात ठेवायच्या, तास संपले की तिथूनच जंगलात. कुणाला काही वाटायचं नाही."

"हेडमास्तरच विचारायचे, किती फाट्यांच्या शिंगांचं हरीण मिळालं म्हणून," व्हर्ना म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली.

मग गोष्टी निघतच गेल्या. जंगलातलं डांबरी कागदाचं खोपट, आणि त्यात दरवर्षी शिकारीच्या मोसमात घालवलेले नऊ दिवस. ड्वेन पहाटे उठून बटाट्याची धिरडी करायचा, त्यात इतका कांदा घालायचा की हरणांना मैलभरावरून वास जात असणार. सत्तेचाळीस वर्षांत त्याने फार तर दहा हरणं मारली असतील. झाडाखाली बसल्या बसल्या झोपी जायचा आणि परत येऊन सांगायचा, "मोठा नर होता, पण माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की हात उचलेना." संध्याकाळी काँसर्टिना काढायचा. ती हातात धरायची भात्याची पेटी उघडली की पत्ते बाजूला पडायचे. निवडणुकीच्या साली एलरॉय आणि व्हर्ना त्याच्या स्वयंपाकघरात हमरीतुमरीवर यायची, तेव्हा तो मध्ये बसून म्हणायचा, "थंड बिअर कोणता पक्ष देतो तेवढं सांगा."

"नाचाच्या हॉलमध्ये तू आधी विचारलं होतंस मला," व्हर्ना अचानक म्हणाली.

"मग नकार का दिलास?"

"तुझ्या अंगाला डिझेलचा वास येत होता."

"ट्रॅक्टर बंद पडला होता, बाई!"

"पन्नास वर्षांनी खुलासा करतोयस."

दोघं हसली. हसू ओसरल्यावर व्हर्ना खिडकीबाहेर बघत बोलू लागली. "तीन आठवडे तुला शिव्या घातल्या. मग आठवलं. त्याच आठवड्यात तो मलाही म्हणाला होता, 'व्हर्ना, बंदुकांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे ठेवतेस का?' मी शब्दकोडं सोडवत होते. वर न बघता म्हटलं, 'ठेव की कुठेही.'" मग ती त्याच्याकडे वळली. "दोन दारं ठोठावली त्याने, एलरॉय. दुसरं माझं."

एलरॉयने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. शेजारून लाकडांचे ट्रक जात होते.

समितीच्या खोलीत प्रत्येकाला तीन मिनिटं. एलरॉयने रात्रभर लिहिलेला कागद घडी घालून खिशात टाकला आणि व्हर्नाला सांगितलं होतं तसंच सांगितलं. घोंगडी, थट्टा, "बरं, राहू दे."

त्याच्याच पक्षाचा एक आमदार पुढे वाकला. "मिस्टर हास, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आज हे, उद्या सरकार घरी येऊन बंदुका घेऊन जाईल. तुम्हाला हे चालेल?"

"नाही चालणार, साहेब. मीच दारात उभा राहीन," एलरॉय म्हणाला. "पण त्या दिवशी सरकार आलं नव्हतं. ड्वेन आला होता, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या बंदुका घेऊन. त्याला नाही म्हणणारा मी होतो. मला हो म्हणता आलं पाहिजे, एवढंच मागायला आलोय."

आमदाराने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. व्हर्नाची पाळी आली तेव्हा ती फक्त म्हणाली, "मी याच्याशी कुठल्याही बाबतीत सहमत नसते. यात आहे."

समितीने विधेयक पुढे पाठवलं. पण त्या वर्षी ते सभागृहात आलंच नाही. अधिवेशन संपलं, सगळे घरी गेले. एलरॉयची काही जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जायला लागली. एकाने तोंडावर विचारलं, "फितलास काय रे म्हातारपणी?" व्हर्नालाही तिच्या मंडळींनी सुनावलं, एवढ्याशा कायद्यासाठी कसली तडजोड करतेस म्हणून. दोघं पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेली. या वेळी आणखी तीन दुकानदार होते, शेरीफच्या हाताखालचा एक अधिकारी होता, आणि मागच्या वर्षी प्रश्न विचारणारा तो आमदार या खेपेला काही न विचारता बाजूने मत देऊन मोकळा झाला. मे महिन्यात कायदा झाला.

राज्यपालांची सही बघायला दोघं राजधानीला गेली होती; परतताना शुक्रवार होता, तिकडचा मासे खायचा वार. वाटेत एका जुन्या खाणावळीत दोघांनी तळलेला मासा खाल्ला, ब्रँडी घेतली, आणि राज्यपालाच्या निवडणुकीवरून इतकं भांडण केलं की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

पहिल्या हिवाळ्यात सात जण बंदुका ठेवायला आले. एलरॉयने कुणालाही कारण विचारलं नाही. पावती लिहिली, बंदूक मागच्या खोलीत कुलपात ठेवली, आणि प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला गेला. एप्रिलमध्ये त्यातला एक जण आपली रायफल न्यायला आला. त्या संध्याकाळी एलरॉयने व्हर्नाला फोन केला.

"नाव नाही सांगत. तब्येत सुधारलेली वाटली. बोलत बसला होता."

"किती वेळ?"

"अर्धा तास. तळ्यावरचं बर्फ कधी फुटेल, मासे कुठे लागतील, हेच सगळं."

"आणखी काही नाही?"

"नाही. फक्त मासे."

पलीकडे व्हर्नाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली, "सांग सगळं पहिल्यापासून. काय काय म्हणाला तो?"