रूपलाने गाळलेली ओळ

मी मानोरा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावरची म्हातारी घंटा. मित्रांनो, जवळ या, पण मला हलवू नका. माझ्या पोटात अजून एक माणूस बोलतो.

गोऱ्या साहेबाच्या राज्यात पाद्रीबुवांनी मला प्रार्थनाघराच्या दारातल्या या निंबावर टांगलं. माझ्याकडून दोन कामं घेतली जात. रोज संध्याकाळी शिपाई मला बडवून तांड्याची हजेरी घेई. सरकारच्या लेखी अख्खा तांडाच चोर ना! आणि रविवारी मीच प्रार्थनेला बोलवी. लेकरं माझा आवाज ऐकून आधी दचकत, मग गाऊ लागत. मला त्याचं फार वाईट वाटे.

प्रार्थना तांड्यातलाच रूपला सांगे. देवाला 'तुझे राज्य येवो' म्हटलं की लगेच बादशहाच्या दीर्घायुष्याची ओळ म्हणायची, असा नियमच होता. एकदा रूपलाची बायको हेमला त्याला म्हणाली, "बादशहाचं राज्य तं आलंच हाये. मंग आपून कोनाचं मांगून राह्यलो?"

 पुढच्या रविवारी रूपलाने बादशहाची ओळ गाळली, एवढंच. दारातल्या शिपायाने त्याला तिथल्या तिथे उचललं. प्रार्थना अर्धीच राहिली आणि रूपला परत आला नाही. हेमला मरेपर्यंत माझ्याखाली बसून वाट बघायची. तेव्हापासून वारा सुटला की माझ्या आत तेवढंच ऐकू येतं, तुझे राज्य येवो, तुझे राज्य येवो. पुढे काही नाही.

साहेब गेले, हजेरी गेली. मीही कळकटले. आता हेमलाची पणती उज्ज्वला प्रार्थना सांगते. गेल्या रविवारी एक पुढारी येणार होते. गळक्या प्रार्थनाघराला ते पत्रे देणार होते. त्यांची गाडी दिसली की घंटा वाजवायची आणि प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं, असं तांड्यातल्या मोहनसिंगकाकांनी ठरवलं होतं.

"नाव घ्याले आपलं काय जाते, पोरी?" काका म्हणाले. पावसात भिजणारी म्हातारी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

"असल्याच ओळीपायी माह्या पणज्याले नेलं, काका."

गाडी आली. मी वाजू नये म्हणून उज्ज्वलाने माझा लोलक घट्ट मुठीत धरला.  "तुझे राज्य येवो," ती म्हणाली आणि थांबली. कोणाचंच नाव आलं नाही. मग सगळ्यांनी प्रार्थनेची पुढची ओळ म्हटली, आणि माझ्या पोटातून रूपलानेही.

पत्रे काही आले नाहीत. मित्रांनो, मला चिंचेने घासा, निंबाची फांदी जपा, प्रार्थनेला खुशाल वाजवा. पण कोणाच्या हजेरीला वाजवू नका. आत रूपला आहे, तो अजून दचकतो.