अंगुस्तानाचे दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, शिंप्याच्या दुकानातलं, कापड बेतायचं. माझ्या पाठीवर किती कोट नि किती शर्ट कापले गेले याला गणती नाही. कात्रीचे ओरखडे अजून दिसतात. माझ्या फळ्या एका बंद पडलेल्या शाळेच्या बाकांच्या आहेत, म्हणून एका कोपऱ्यात कुणाची तरी आद्याक्षरंही कोरलेली आहेत. एके काळी गिऱ्हाइकं माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, काय गुळगुळीत टेबल आहे.

माझा मालक तरुणपणी जहाजावर शिंपी होता. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या, बोटातलं पितळी अंगुस्तान आणि पत्त्यांतल्या पोकरचा नाद. रविवारी दुपारी दुकान बंद करून तो, त्याची मुलगी आणि काजं करणारे काका माझ्याभोवती बसत. पैसे लावायचे नाहीत, असा मालकाचा दंडक होता. बटणं लावायची.

प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, मग मधोमध तीन उघडी. ज्याला बटणं लावायची नसतील त्याने नुसतं टेबल वाजवायचं, म्हणजे चेक. त्या तीन पानांशी मालकाची पानं छान जुळली, की तो हटकून तोंड पाडायचा आणि अंगुस्तानाने मला दोनदा वाजवायचा. मुलीला वाटायचं, बाबांकडे काही नाही. ती ऐटीत पाच बटणं पुढे सारायची. मग हा बेरका बाबा सावकाश पंधरा सारायचा. याला चेक-रेज म्हणतात. पोरीची बटणं अशी कितीदा त्याच्या घशात गेली. ती चिडली, की तो समजवायचा, "चेक करणाऱ्याला रिकामा समजू नकोस. पण यात धोकाही असतो बरं का. मी चेक केलं आणि तूही चेक केलंस, तर पुढचं पान फुकट उघडतं आणि माझा हातातला डाव मातीत जातो. समोरच्याने पुढे यायलाच लागतं."

पुढे मुलीला लांबच्या शहरात, कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्याच सुमारास मालक पोट माझ्या कडेला दाबून कापड कापू लागला. कळ आली की कात्री खाली ठेवायचा आणि माझी कड घट्ट धरायचा. काका दाराकडे तोंड करून काजं करत बसलेले असत. त्यामुळे हे मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

निघायच्या सकाळी मुलीने बॅग माझ्यावर ठेवली. "बाबा, तुमचा चेहरा उतरलाय. बरं आहे ना? नाहीतर थांबते मी."

मालकाने तोंड पाडलं आणि मला दोनदा वाजवलं.

मला वाटलं, आता ही पुढे येईल. आता विचारेल, काय लपवताय? मालकही वाट बघत होता, डावात बघायचा तशीच, श्वास रोखून. पण पोरीला ती नेहमीची थट्टा वाटली. तिने हसत हसत बोटाने मला दोनदा वाजवलं, बॅग उचलली आणि गेली. अंगुस्तान कितीतरी वेळ माझ्यावर टेकलेलं होतं.

चार महिन्यांनी काकांनी तिला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. त्यानंतर मालक अकरा दिवस जगला.

सगळं आटोपल्यावर ती दुकानात येऊन माझ्यासमोर बसली. काकांनी पाणी दिलं, ते तिने तसंच ठेवलं. "काका, बाबांनी चेक केलं होतं," ती म्हणाली. "आणि मी पण चेक केलं."

काकांनी शटर अर्धं खाली ओढलं.

आता मी दुकानामागच्या बोळात पडून आहे. एक पाय वाळवीने पोखरलाय, अंगावर चिंध्यांची गाठोडी आहेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मला पॉलिश नको की नवा पाय नको. मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. घरातलं कुणी 'मला काही झालेलं नाही' म्हणालं, तर हसून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा. त्या सकाळी पोरीने आणखी एकदाच विचारायला हवं होतं. तो सांगणार होता.