सूर्याजीची नाडी

संस्थान विलीन झालं आणि ग्वाल्हेरच्या फौजेचं करायचं काय, हा घोळ सुरू झाला. माणसं जास्त, नव्या फौजेत जागा कमी. कुणाला ठेवायचं हे ठरवणाऱ्या मंडळाने कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या रमाकांतला बोलावलं. वशिला नको, आकडे हवेत, असं ते म्हणाले. वशिल्याला विटलेल्या रमाकांतला बरं वाटलं. पुढे सगळा वैतागच होता.

त्याने पद्धत सोपी ठेवली. शिपायांची बसल्या जागी नाडी मोजायची. बहुतेकांची ज्या मधल्या पट्ट्यात येईल, तो निरोगी पट्टा. त्याच्या फार वर किंवा फार खाली असतील, त्यांचं हृदय संशयास्पद, ते घरी. पुस्तकात दोन्ही टोकं कापत, म्हणून यानेही कापली. इतकी संथ नाडी असते तरी कुणाची, हे विचारायला या आकडेपंडिताला फुरसत नव्हती.

खालच्या टोकात सापडला हवालदार सूर्याजी, पलटणीच्या हॉकी संघाचा सेंटर हाफ. रोज किल्ल्याची चढण धावत चढणारा गडी. त्याचा खेळ बघताना रमाकांत घसा बसेपर्यंत ओरडला होता. पण एकाला सूट दिली की वशिला आलाच, म्हणून तो गप्प बसला. सूर्याजी घरी गेला.

पुढे कॉलेजच्या खेळाडूंच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायचं काम रमाकांतकडे आलं. जो पोरगा सगळ्यात दमदार, त्याचीच नाडी सगळ्यात संथ निघाली. हॉकीत तेच, कुस्तीत तेच. डॉक्टर मित्र म्हणाला, "कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. त्याला घाई कशाला?" रमाकांतने पलटणीची जुनी यादी काढून पाहिली. पलटणीतली सगळ्यात तगडी माणसं त्याने आपल्या हाताने आजारी ठरवली होती.

मग अर्ज आणि खेटे. जुने अधिकारी गेले होते, नवे आले नव्हते, आणि होते ते बदलीच्या वाटेवर. रमाकांत मेटाकुटीला आला. शेवटी कुणीतरी कंटाळून फेरतपासणीचा हुकूम काढला: नाडी पुन्हा मोजा, पट्ट्यात आली तर परत घ्या. पट्टाच चुकलाय, हे कुणी ऐकून घेतलं नाही.

हा निरोप सांगायला तो हजीरा मोहल्ल्यातल्या सूर्याजीच्या घरी गेला. सूर्याजी लोडाला टेकून बसला होता. गाल वर आले होते, पोट सुटलं होतं.

"आराम करून राहिलोय, मास्तर," तो म्हणाला. "दिल कमजोर निघालं ना. ही तर पायरीसुद्धा उतरू देत नाही."

त्याची बायको विजयाबाई तुपाने थबथबलेला शिरा घेऊन आल्या. कसलंही दुखणं असो, त्यांच्या घरी आराम आणि साजूक तूप हेच औषध. 'उद्यापासून धावा' हे रमाकांतच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण धावून नाडी पुन्हा उतरली, तर नोकरी पुन्हा जाणार. त्याने मुकाट्याने शिरा खाल्ला.

फेरतपासणीत डॉक्टरने समाधानाने मान हलवली. नाडी अगदी मधोमध होती. सूर्याजीला नोकरी परत मिळाली.

बाहेर आल्यावर रमाकांतला राहवेना. "सूर्याजीराव, तुम्ही आजारी नव्हतातच. ती नाडी खेळाडूची होती. चूक माझी. आता धावायला लागा, खेळा."

सूर्याजी दम घ्यायला भिंतीला टेकला. "मास्तर, तुमचा आकडा तेव्हा खराब निघाला, आता अच्छा निघाला. मध्ये मी काय केलं? आराम केला. बात साफ आहे."

"तसं नाही हो."

"नोकरी मिळाली, पुष्कळ झालं. हॉकी आता या जन्मात नाही."

विजयाबाई फाटकाशी थांबल्या होत्या. निकाल कळताच त्या रमाकांतच्या पाया पडल्या.

"तुमच्यामुळे यांचं दुखणं वेळीच कळलं, भाऊजी. नाहीतर धावता धावता गेले असते."

रमाकांतला स्वतःची लाज वाटली. पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला हवं होतं. पण तो फार थकला होता. त्याने नमस्कार घेतला.