नववा बार

शौकतने सहाव्या पितळी काडतुसात काळी दारू भरली, तोंडाशी कागदाचा बोळा दाबला आणि ते म्हाताऱ्या अबू राशिदच्या हातात ठेवलं. गोळी घालायचीच नव्हती. म्हाताऱ्याच्या नातवाचं संध्याकाळी लग्न होतं आणि पणजोबांच्या रायफलीतून नुसते बार काढायचे होते.

अबू राशिदने वाळूच्या टेकडीकडे नेम धरला. शौकत त्याच्या डाव्या हाताला उभा राहिला. धडाम! खजुरीवरचे पारवे भर्रकन उडाले.

"खलास, शौकत!" म्हातारा अरबीत म्हणाला, "हाच आवाज."

शौकतने मान हलवली. "नाही. दबका आहे."

इन्शाने कानांवरची जाड टोपणं काढली. "अब्बा, सहाव्यांदा दबका? सगळे सेम आहेत!"

"काय?"

"सेम! आहेत! सगळे!"

चारला शारजात शाळेच्या डिबेटची फायनल होती. यंदा पहिल्यांदाच ती टीमची कॅप्टन झाली होती, आणि कॅप्टन इथे अल धैदच्या शेतावर धूर खात उभी होती. येताना गाडीत अब्बांच्या उजव्या हाताला बसून तिने अख्खं भाषण तीनदा म्हणून दाखवलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी "काय?" एवढीच दाद दिली होती.

तिने फोन पुढे केला. "बघा, सहाही बारांच्या आवाजाची रेघ एकाच उंचीची. ग्राफ आहे, ग्राफ!"

"रत्नागिरीहून आल्यापासून तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय मी. ह्या कानांनी. तुझ्या फोनला मिसरूड तरी फुटलंय का?"

"अब्बा, चारला मला स्टेजवर उभं राहायचंय!"

"आणि संध्याकाळी ह्यांच्या हजार पाहुण्यांसमोर बार फुसका निघाला, तर उद्यापासून माझ्याकडे बंदूक कोण आणील?"

सातवा. दबका. आठवा. तोही दबका. इन्शाने वाळूत बूट आपटला. वाळूला काही फरक पडला नाही. अडीच वाजून गेले होते.

नवव्या काडतुसाच्या वेळी वारा फिरला. आधीचा धूर शौकतच्या तोंडावर आला, तसा तो खोकत खोकत अबू राशिदच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

धडाम!

शौकत दचकला. मग त्याचा चेहरा उजळला.

"हा! हा बघ! ऐकलंस? ह्याला म्हणतात बार!"

फोनवरची रेघ पुन्हा तेवढीच होती.

इन्शाने तोंड उघडलं. जिंकायला एक वाक्य पुरे होतं. तेवढ्यात तिचं लक्ष अबू राशिदकडे गेलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याने डोळ्यांनी शौकतकडे खुणावलं, हळूच आपल्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि नकारार्थी मान हलवली.

तिने फोन खिशात टाकला.

"हो अब्बा. हा वेगळाच होता."

"मग! कधीचा सांगतोय."

गाडीशी आल्यावर तिने मागचं दार उघडलं आणि शौकतच्या सीटच्या बरोब्बर मागे जाऊन बसली.

"मागे का? मी काय तुझा ड्रायव्हर आहे?"

"पुढे ऊन लागतं."

गाडी हमरस्त्याला लागली. इन्शा खिडकीच्या बाजूने पुढे झुकली, त्याच्या डाव्या कानाशी आली आणि आवाज मुळीच न चढवता भाषण म्हणू लागली.

"थांब, थांब," शौकत आरशात बघत म्हणाला. "हा दुसरा मुद्दा कच्चा आहे. ह्यात तुला कुणीही पाडील."