हातभर अंतर

आता सगळे सांगत फिरतात, काठी तारेला टेकली नव्हती. अरे, नव्हतीच टेकली! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पन माझा पाठचा भाऊ आनंदा गेला, त्याचं काय?

आमच्या पळस्प्याकडच्या गावात होळीला ओल्या बांबूची काठी उभी करतात. टोकाला पितळी कळस. दर सालाला काठी हातभर वाढवायची, नाय तर गावाची अब्रू जाते म्हनं. आता त्या माळावरून विजेची मोठी तार गेलेली. गेल्या होळीला कळस नि तार यांच्यात दोन हात जागा राहिली. काय नाय झालं.

"औंदा हातभर राहील," गावचा पुढारी काशिराम तात्या बोलला. "टेकत नाय ना? मग झालं तर!"

"तात्या, बुंधा आनंदा धरनार हाय. चैतात त्याचं लगीन हाय. काठी दुसरीकडं उभी करा."

"वेणू, बायांनी यात पडू नये."

मी गप बसनारी नाय. पनवेलच्या शाळेतल्या कमळाकर मास्तरांना घेऊन आले. त्यांनी कचकड्याची फणी केसांत घासली नि कागदाच्या कपट्यांवर धरली. लांबून कपटे हललेसुद्धा नाय. फणी हळूहळू खाली आनली, तसे टुणकन उडून तिला चिकटले.

"मी टेकवली का फणी?" मास्तर म्हणाले. "अंतर अर्धं केलं की ही ओढ दुप्पट नाही, चौपट होते. गेल्या वर्षी काही झालं नाही, यावर जाऊ नका. वीज हवेतून उडी मारते."

"फणी पोरींना द्या, मास्तर," तात्या बोलला. सगळे खिदळले. आनंदापन दात काढत होता.

"ताय, तू उगाच घाबरतंस."

दिस कलता काठी उठली. हातभर जागा होती, खरंच होती. वर फाटकन निळा जाळ उडाला. दोर धरलेले लोक मागं फेकले गेले. आनंदा बुंध्याला कवळा घालून तसाच राहिला.

मी धावले, हात पुढं केला. मास्तरांनी मागून माझा दंड धरला.

"हात लावू नका, वेणूबाई! अजून वीज असेल!"

वीज बंद करायला मानूस सायकलवर पनवेलला गेला. तो येईस्तोवर आनंदा माझ्याकडं बघत होता, का नुसतेच डोळे उघडे होते, देवाला ठाऊक. आमच्यात हातभर जागा होती. मी टेकले नाय त्याला.